नववीतल्या मुलाला रोबोटिक्सला घालावं का? (बडोदेकर, जरा बोला)

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत, सीबीएसई. मागच्या आठवड्यात शाळेत एका कंपनीची माणसं येऊन प्रात्यक्षिक करून गेली. चार चाकांची गाडी, पुढे हात धरला की थांबते, टाळी वाजवली की वळते. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आठवड्याला दोन तास, शाळा सुटल्यावर, किट त्यांचंच, वर्षाचे बावीस हजार. शिवाय शाळा म्हणते सहावा विषय म्हणून एआय घ्या. आणि आमच्या जाऊबाई (त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत) म्हणतात हे सगळं सोड, पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकव, रोबोट म्हणजे मोठ्या मुलांची खेळणी.

मी बी.कॉम., हे बँकेत. आमच्याकडे फ्यूज उडाला तरी शेजारच्या काकांना हाक जाते. त्यामुळे घरात विचारायला कुणी नाही. प्रश्न एवढाच की यातून पोर खरंच काही शिकतं, का प्रदर्शनातले फोटो व्हॉट्सअपवर येतात तेवढंच? पुढच्या वर्षी दहावी. पैसे देऊ, पण पाण्यात नको जायला.

चहाटळ
टाळी वाजवली की वळते? आमचे हे नावाने हाक मारली तरी वळत नाहीत. बावीस हजारांत होत असेल तर एक सीट माझ्याकडूनही धरा.

दहावीचा_बाप
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नववीचं गणित कच्चं राहिलं की अकरावीत पोरगं तोंडघशी पडतं. माझी मोठी मुलगी सध्या त्यातूनच जातेय. आठवड्याचे दोन तास म्हणतात, पण स्पर्धा आली की रोजचे चार होतात आणि रविवारही जातो. जेईईत रोबोटवर एक मार्काचा प्रश्न येत नाही. इंजिनीअरिंगला गेला की तिथे शिकेलच की. बावीस हजारांत गणिताची चांगली शिकवणी लागते.

वाघोडियाकर
वाचतोय. माझीही आठवीत आहे.

लेथमास्तर
मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची मुलं शिकवली, आता निवृत्त. दोन शब्द.

'रोबोटिक्स' म्हणून काय विकतात ते आधी बघा. किट दोन तऱ्हेची असतात. एकात सगळं खटके बसवून जोडायचं, प्लग उलटा बसूच शकत नाही, प्रोग्रॅम आधीच भरलेला. गाडी पहिल्याच दिवशी पळते, टाळ्या पडतात. दुसऱ्यात ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पट्टी), सुट्या वायरी, रेझिस्टर, आणि गाडी पहिल्या दिवशी हमखास पळत नाही. मला दुसरं हवं. पळणारी गाडी बघायला दुकानात जाता येतं. न पळणारी गाडी समोर ठेवून 'कुठे अडलंय' हे हुडकायला शिकवतात का, तेवढं विचारा.

परत त्यांचं प्रात्यक्षिक असेल तर मुलाला घेऊन जा आणि शिकवणाऱ्याला म्हणा, यातली एक वायर मला कळू न देता काढा आणि आता पोरांकडून शोधून घ्या. त्याचा चेहरा कसा होतो त्यावर ठरवा. वर्गात मल्टीमीटर आहे का, पाच पोरांत एक की दोघांत एक, तेही बघा. आमच्याकडे पोरांना पहिला आठवडा मल्टीमीटरशिवाय काही हातात देत नव्हतो. कंटाळायची. महिन्याभराने तीच पोरं घरचं मिक्सर उघडून बसायची.

शिकवणारा स्वतः काय शिकलाय हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी महिन्याभराचं ट्रेनिंग दिलेली मुलं असतात. बिचारी चांगली असतात, पण पीपीटीच्या पलीकडे प्रश्न गेला की 'नेक्स्ट क्लासमें' म्हणतात.

सुरसागरकाठ
काका, वायर काढायची कल्पना भारी आहे. विचारते. मल्टीमीटर म्हणजे ते दोन सुया असलेलं ना?

लेथमास्तर
तेच. लाल-काळी. व्होल्टेज, करंट मोजतो. तीन-चारशेत येतो. सोनंनाणं नाही, पोराच्या हातात द्यायला हरकत नाही. फक्त भिंतीच्या प्लगात घालू नको म्हणून बजावा.

टेक्नो_त्रस्त
मी सध्या एमएसयूच्या (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या) टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, तिसरं वर्ष. जाऊबाईंच्या पायथॉनबद्दल लिहितो.

अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स (विषय कोड ०८३) घेतलं तर पायथॉन आहेच. फंक्शन, फाइल, स्टॅक, थोडं एसक्यूएल, थोडं नेटवर्क. सत्तर लेखी, तीस प्रॅक्टिकल. म्हणजे दोन वर्षांनी पायथॉन आपोआप येणार. आत्ता क्लास लावला नाही म्हणून काही बिघडत नाही. उलट आत्ता लावलात तर 'लिस्टमधली सगळ्यात मोठी संख्या काढा' असलंच काही करत बसेल आणि कंटाळेल.

एआय (४१७) हा नववी-दहावीचा स्किल विषय आहे. पन्नास लेखी, पन्नास प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट. अवघड नाही. शाळा आग्रह का करतात तर गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्र यांतल्या एखाद्यात नापास झाला तर पास झालेला स्किल विषय त्या जागी धरता येतो. टक्केवारीला हातभार लागतो. शिकण्यापेक्षा विमा म्हणून बघा.

आणि खरंच डोकं चालवायचं असेल तर झेडआयओ बघा, इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची पहिली पायरी. कागद-पेन्सिलवर असते, कॉम्प्युटर लागतच नाही, पायथॉन-बिथॉन येत नसलं तरी देता येते. इतक्या शहरांतून रस्ता कसा काढाल, इतक्या पेट्या कशा रचाल, असले प्रश्न. पुढच्या पायऱ्यांना मात्र सी++ लागतं. मी अकरावीत दिली, पहिल्या पायरीलाच उडालो. पण ते प्रश्न सोडवताना जी मजा आली ती अख्ख्या बोर्डाच्या अभ्यासक्रमात आली नाही.

दहावीचा_बाप
@टेक्नो_त्रस्त, 'पहिल्या पायरीलाच उडालो' हेच म्हणतोय मी.

टेक्नो_त्रस्त
काका, जेईईत तर मी चांगला आलो. दिवा (म्हणजे 'लाइट'ली) घ्या.

मकरपुरा_मेल
मी मकरपुरा जीआयडीसीत एका कंट्रोल पॅनेलवाल्यांकडे इंजिनीअर आहे. दोन वर्षं एका शाळेत शनिवारी मुलांना शिकवलं. (शाळेचं नाव नको.) एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

चार-चारचा गट केला की पंधरा मिनिटांत ठरलेलं असतं. मुलगे सोल्डरिंगची बंदूक घेतात, मुली चार्ट रंगवतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांना माहिती सांगतात. कुणी सांगत नाही, आपोआप होतं. शिक्षक खूश, कारण चार्ट सुंदर झालेला असतो. मी दुसऱ्या वर्षी नियम केला की दर अर्ध्या तासाने कामं बदलायची आणि जोडणी ज्याने केली त्याने ती समजावून सांगायची नाही, दुसऱ्याने सांगायची. पहिले दोन शनिवार नुसती भांडणं. 'मॅडम, तिने वायर तोडली.' अरे, तोडू दे, तूही तोडलीस की मागच्या वेळी. तिसऱ्या शनिवारी एका मुलीने एलईडीला रेझिस्टर का लावायचा ते इतकं नीट सांगितलं की मीच ऐकत बसले. पाच व्होल्टमधून एलईडीचे दोन गेले, राहिले तीन व्होल्ट, भागिले रेझिस्टरचे २२० ओहम, म्हणजे तेरा-चौदा मिलीअँपिअर. दहावीचा ओहमचा नियम, नववीतल्या मुलीच्या तोंडून.

वाघोडियाकर, तुमची आठवीत आहे म्हणालात म्हणून खास. क्लास लावाल तिथे तिच्या हातात बंदूक कधी येते ते बघा.

वाघोडियाकर
हे डोक्यात नव्हतं आलं. तिला विचारलं, शाळेच्या प्रदर्शनात काय केलंस. म्हणाली 'थर्माकोल'.

निवृत्त_मास्तरीण
मजा वाटली वाचून. १९८४-८५ मध्ये सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता, त्यात बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. आमच्या शाळेतही आले. खोलीला पडदे, बाहेर चपला काढायच्या, उदबत्ती तेवढी लावायची राहिली होती. आम्हा शिक्षकांनाच हात लावायची भीती, मुलांचं काय. ३२ केबी मेमरी. मुलं बेसिक नावाच्या भाषेत स्वतःचं नाव पडद्यावर शंभरदा छापायची आणि घंटा व्हायची.

बहुतेक शाळांत काय झालं? यंत्र जपलं. काही वर्षांनी ते जुनं म्हणून कपाटात गेलं, तेव्हाही नव्यासारखंच होतं. माझी आजही हीच भीती आहे. किट परत करताना 'एकही पार्ट हरवला नाही' म्हणून शाबासकी देणारे वर्ग मी बघितलेत.

टेक्नो_त्रस्त
बाई, योगायोग बघा. आर्डुइनो उनो (आपला प्रोग्रॅम भरून चालवायचं छोटं बोर्ड), त्याच्या चिपमध्ये प्रोग्रॅमला जागा ३२ केबीच आहे. रॅम तर फक्त दोन केबी. आणि लाडावलेली आमची पिढी त्यात तयार कोडच्या लायब्ररीवर लायब्ररी कोंबते आणि मग रडते.

सयाजीभक्त
बडोद्यात हा प्रश्न विचारायची वेळ यावी! १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. टी. के. गज्जर प्राचार्य. सुतारकाम, विणकाम, कापड रंगवणं, यंत्रकाम, चित्रकला, सगळं हाताने, आणि तेही गुजरातीतून शिकवायचे. इंग्रजी येत नाही म्हणून लेथला हात लावायचा नाही असं नव्हतं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, कलाभवनाचीच आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. त्या गावातली मुलं आज किटच्या डब्यावरची इंग्रजी सूचना पाठ करतात. परदेशी कंपनीचं लेबल असलं की आपण खूश.

दहावीचा_बाप
महाराजांच्या काळात जेईई नव्हती.

चहाटळ
आणि कलाभवनात टाय लावून फोटोही काढत नसत.

सयाजीभक्त
हसा. पण फाळक्यांना कॅमेरा उघडून बघता येत होता, हे विसरू नका.

अगाशीवाला
मी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेतो. 'रोबोट की अभ्यास' हा वादच मला पटत नाही, कारण नीट शिकवलं तर तो अभ्यासच असतो. एक प्रसंग सांगतो.

नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. प्रतिध्वनी, ध्वनीचा वेग वगैरे. मुलं पाठ करतात. मी मुलांना तो दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर दिला. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वेळ गुणिले वेग, भागिले दोन, आलं अंतर. जायचं आणि यायचं, म्हणून दोन. हे 'भागिले दोन' निम्मी मुलं विसरतात आणि भिंत दुप्पट लांब दिसते. त्यावरच एक तास जातो, जाऊ दे.

मुलांनी वेग ३४३ मीटर धरून प्रोग्रॅम लिहिला. एसीच्या खोलीत एक मीटरवर पुस्तक धरलं, शंभर सेंटीमीटर आले. सगळे खूश. मग मे महिन्याच्या दुपारी कुणीतरी तेच घेऊन अगाशीवर गेलं. सत्त्याण्णव! परत मोजलं, सत्त्याण्णव. आधी सेन्सरला शिव्या. दुसरा लावला, तेच. मग माझ्या मेजर टेपवर संशय. टेप दुसरी आणली. मग सगळे गप्प.

शेवटी एका मुलीने पुस्तक उघडलं. तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो. एका अंशाला सुमारे ०.६ मीटर. वीस अंशांना ३४३, मग चाळीसला साधारण ३५५. आवाज लवकर परत आला, प्रोग्रॅमला वाटलं भिंत जवळ आहे. गणित केलं तर ९६.६ येतात. पोरं अगाशीवर नाचायची बाकी होती. नंतर त्यांनी स्वतःच एलएम३५ नावाचा तापमानाचा सेन्सर लावून वेग दुरुस्त करायला घेतला. दर अंशाला दहा मिलीव्होल्ट देतो तो, हे त्यांनी मला सांगितलं.

तो धडा त्या मुलांना मी परत शिकवला नाही. गरज पडली नाही.

दहावीचा_बाप
सर, हे मान्य. पण तुम्ही शिकवलंत म्हणून. बावीस हजार घेणारी कंपनी सत्त्याण्णव आले की काय म्हणेल? 'सेन्सर रिप्लेस करून देतो.'

अगाशीवाला
तेही खरंच.

न्यूजर्सीचा_नाना
बडोद्याचाच, दांडियाबाजार. इथे मुलीच्या हायस्कूलची एफआरसी टीम आहे, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्सवाली. डीन केमनने १९८९ मध्ये ती संस्था काढली. रोबोट चांगला माणसाच्या कमरेएवढा असतो. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पोरांना पैसे उभे करणं, सुट्या भागांचा हिशेब, सुरक्षेचे नियम, दुसऱ्या टीमला मदत, हे सगळं करावं लागतं. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे काही टीममध्ये इंजिनीअर बापच रात्री दोन वाजता गॅरेजमध्ये रोबोट जोडत असतात आणि पोरं झोपलेली. भारतात वेगळं असेल अशी आशा.

चहाटळ
नानासाहेब, इथे बापाकडे गॅरेज नसतं म्हणून तो डायनिंग टेबलावर करतो. एवढाच फरक.

मंडळाचा_कार्यकर्ता
अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या मंडळाच्या गणपतीचा हलता देखावा दरवर्षी नववी-दहावीची पोरं करतात. क्लासबिस काही नाही. भंगारातून गाडीच्या वायपरच्या मोटारी आणतात, बारा व्होल्टच्या. आत वर्म गिअर असतो म्हणून हळू फिरते आणि जोर प्रचंड. कृष्ण हात वर करतो, कालिया फणा हलवतो. पूर्वी आम्ही टायमर म्हणून लाकडी चकतीवर पत्र्याच्या पट्ट्या लावून स्विच दाबायचो, आता पोरं आर्डुइनो आणि रिले (विजेने चालणारा स्विच) लावतात. मागच्या वर्षी कालिया ऐन आरतीत उलटा फिरला. 'शुं थयुं, शुं थयुं' म्हणून गर्दी, आणि एक दहावीतला पोरगा पडद्यामागे शिरून मोबाइलच्या उजेडात दोन वायरी अदलाबदल करून आला. आरती थांबली नाही.

सुरसागरकाठ ताई, मुलाला गणपतीच्या आधी दीड महिना पाठवा. फी नाही, प्रसाद आहे.

लेथमास्तर
@मंडळाचा_कार्यकर्ता, पोरांचं कौतुक. पण रिलेच्या पलीकडे २३० व्होल्टची माळ जोडता की नाही? जोडत असाल तर ती बाजू मोठ्या माणसानेच करायची, ओल्या मंडपात तर पोराला तिकडे फिरकूही द्यायचं नाही. बारा व्होल्टपर्यंत पोरांचं राज्य, पुढे वायरमनचं. आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, नसेल तर या वर्षी पहिला खर्च तोच.

मंडळाचा_कार्यकर्ता
काका, माळा वायरमन जोडतो. आरसीसीबीचं विचारून सांगतो.

अटलादरा_अजय
कुणी अटल लॅबचं लिहिलं नाही. २०१६ पासून नीती आयोगाची योजना आहे, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, हत्यारं, सगळं येतं. ताई, तुमच्या शाळेत अशी लॅब असेल तर बाहेरच्या कंपनीला बावीस हजार कशाला? मी ज्या शाळेत विचारलं तिथे लॅब आहे, उद्घाटनाची फीत कपाटाला अजून बांधलेली आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते सर बदलून गेले.

चॅटमित्र
मला वेगळंच वाटतं. आता कोड एआय लिहितो. माझा भाचा चॅटजीपीटीला सांगतो 'लाइन फॉलोअरचा (पट्टीवरून जाणाऱ्या गाडीचा) प्रोग्रॅम दे', मिळतो, चालतो. मग शिकायचं काय?

मकरपुरा_मेल
त्याला सांगा भरदुपारी गच्चीवर चालवून दाखव. खोलीत काळ्या पट्टीवर नीट जाणारी गाडी उन्हात वेडी होते, कारण पट्टी ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेडवर चालतो आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकलेलं नसतं. चॅटजीपीटीला 'चालत नाही' एवढंच सांगितलं तर तो प्रोग्रॅम सातदा बदलून देईल. सेन्सरवर हाताची सावली धरून बघायचं भाच्याला सुचायला हवं ना.

मी स्वतः ऑफिसात एआय वापरते, चांगला वापर होतो. पण पॅनेलमध्ये ढिला स्क्रू कुठला हे तो सांगत नाही.

चॅटमित्र
फोटो पाठवला तर सांगेल की.

मकरपुरा_मेल
स्क्रू ढिला असतो तेव्हा फोटोत घट्टच दिसतो हो.

सुरसागरकाठ
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जरा उशिरा लिहितेय, मध्ये नणंदेचं लग्न होतं.

कंपनीच्या वर्गावर मुलाला घेऊन गेले. वायर काढायचं विचारलं. शिकवणारा मुलगा हसला आणि म्हणाला, 'मॅडम, आमच्या किटमध्ये वायर निघतच नाही, सेफ आहे.' बाकी वागणं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मल्टीमीटर नव्हता. शाळेत अटल लॅब नाही. एआय सहावा विषय घेतलाय, विमा म्हणून.

बावीस हजार दिले नाहीत. दहावीचे बाप, गणिताची शिकवणी लावली. (खूश?) आणि समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आणि आमचा, दोघांनी मिळून सुटे भाग आणलेत. उनो, मोटार ड्रायव्हर (मोटारींना करंट देणारं सर्किट), पिवळ्या दोन मोटारी, मल्टीमीटर. दोन-अडीच हजारांत झालं. रविवारी दुपारी बसतात, अभ्यास झाल्यावर. गाडी अर्थातच चालत नाहीये.

दहावीचा_बाप
खूश. रविवार दुपार मंजूर. परीक्षेच्या आधीचा महिना मात्र डबा माळ्यावर.

लेथमास्तर
चालत नाहीये म्हणजे नक्की काय होतंय? त्यालाच लिहू द्या इथे.

सुरसागरकाठ
आजोबा नमस्कार, मी आईच्या आयडीवरून लिहितोय. गाडी दोन-तीन सेकंद पुढे जाते, मग थांबते, बोर्डवरचा दिवा लुकलुकतो आणि परत पहिल्यापासून सुरू होते. यूएसबी लावून, चाकं हवेत धरली तर नीट चालते. प्रोग्रॅम तीनदा तपासला. ग्राउंड (सगळ्यांची उणे बाजू) जोडलाय.

लेथमास्तर
शाब्बास, ग्राउंडचं आधीच लिहिलंस. प्रोग्रॅम ठेव बाजूला. मल्टीमीटर वीस व्होल्टच्या डीसीवर ठेव. उनोच्या ५ व्होल्ट पिनवर आणि ग्राउंडवर सुया लाव. मोटारी बंद असताना किती आणि गाडी जमिनीवर चालू असताना किती ते लिही. मग तसंच बॅटरीच्या दोन टोकांवर. बॅटरी कुठली आहे?

सुरसागरकाठ
चौकोनी ९ व्होल्टची, नवीन. उनोची पिन मोटारी बंद असताना ४.९, चालू असताना ३.९ ते ४.१, हलत राहतं. बॅटरी बंद असताना ९.२, चालू असताना ५.६. मैत्रीण म्हणतेय ३.९ ला बोर्ड बंद पडत नाही, तिने वाचलंय.

लेथमास्तर
मैत्रिणीचं वाचलेलं बरोबर आहे. पण मल्टीमीटर सावकाश माणूस आहे, सरासरी सांगतो. मोटारी सुरू होतात त्या क्षणी व्होल्टेज याहून बरंच खाली जाऊन परत वर येतं, ते त्याला दिसत नाही. तेवढ्यात बोर्ड रीसेट होतो.

आता बॅटरीचे आकडे बघ. ९.२ चे ५.६ झाले. ती चौकोनी बॅटरी मल्टीमीटरसारख्या थोडा करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी बनवलेली आहे. तिचा आतलाच रेझिस्टन्स जास्त. नवीन असली तरी दोन मोटारी ओढायच्या म्हटल्या की बसते. रिचार्जेबल पेन्सिल सेल सहा घे, एकापुढे एक, ७.२ व्होल्ट होतात. ड्रायव्हर स्वतः दोनेक व्होल्ट खातो, मोटारींना पाच मिळतात, त्यांना तेवढेच हवेत. उनोला पॉवरबँकेवरून वेगळं दे, दोन्हीचा ग्राउंड एकत्र ठेव. लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल कुणी दिले तरी घेऊ नकोस, शॉर्ट झाले की पेटतात.

टेक्नो_त्रस्त
काका, एक भर. काही पॉवरबँका उनोएवढा कमी करंट बघून 'काही जोडलेलंच नाही' समजतात आणि स्वतःच बंद होतात. तसं झालं तर घाबरू नकोस रे, दुसरी लावून बघ.

सुरसागरकाठ
सेल लावले. रीसेट होत नाही! पॉवरबँक खरंच बंद पडली, बाबांची जुनी लावली, ती चालते. आता नवीन त्रास. दोन्ही मोटारींना प्रोग्रॅममध्ये वेगाचे सारखेच २०० दिलेत तरी गाडी डावीकडे वळत जाते. डावं चाक हळू फिरतं. मैत्रीण म्हणते उजवीचे २०० चे १८० करू या. करू का?

लेथमास्तर
करता येईल, पण आत्ता नको. आधी दोन चाकं अदलाबदल करून बघा. फरक तसाच राहिला तर मोटारी अदलाबदल करा. तरी तसाच राहिला तर ड्रायव्हरवरच्या वायरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. हळू फिरणं कुणाबरोबर बाजू बदलतं ते बघा आणि मला इथे सांगा.